न्हाणीघरातल्या सवयी, घराची तब्येत आणि पंचगंगेचं पाणी

मोरीत ओतलेलं पाणी जाळीखाली दिसेनासं झालं की आपल्या मनातूनही जातं. कोल्हापुरात त्याचा पुढचा रस्ता असा आहे. पेठांमधलं सांडपाणी जयंती आणि दुधाळी नाल्यांकडे उतरतं. तिथून ते कसबा बावड्याच्या ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीच्या १७ दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रांत शुद्ध करायचं, अशी व्यवस्था आहे. पाऊस जोराचा झाला की नाले भरून वाहतात आणि ते पाणी तसंच पंचगंगेत मिसळतं. पुढे ही नदी रुकडी, रुई, इचलकरंजीवरून जाऊन नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. तिथे माणसं श्रद्धेनं त्याच पाण्यात बुडी मारतात.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की हा विषाणू पसरतो. एरवी धडधाकट माणूस त्यातून बरा होतो, पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेततो. म्हणून न्हाणीघराची स्वच्छता हा विषय घराच्या चार भिंतींपुरता धरून चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्वच्छ राहायला जहाल रसायन, भरमसाट पाणी आणि उग्र वास लागत नाही. साधा साबण, घासणं, कोरडं ठेवणं आणि काय कुठे टाकायचं याची शिस्त, एवढ्यानं बहुतेक काम भागतं. खालचा क्रम मुद्दाम लावला आहे. ज्यानं जीव जाऊ शकतो ते आधी, नदीचं नंतर.

आज संध्याकाळच्या आत: गीझर, बंब, हीटर

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर या लेखातलं बाकी सगळं नंतर वाचा. बंद, लहान खोलीत गॅस जळताना हवा पुरेनाशी झाली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि माणूस कडी उघडण्याआधीच कोसळतो. थंडीत खिडकी बंद करून, दारालाही फट न ठेवता अंघोळ केली की धोका वाढतो.

१. गॅस गीझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत हलवून घ्या. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. प्लंबरचा एका दिवसाचा हा खर्च टाळू नका.
२. तो हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग अंघोळीला बसा.
३. गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर गीझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.
४. अंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार उघडा किंवा तोडा. आधी गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि मग दवाखान्याची धावपळ करा. आत जाऊन स्वतः रेंगाळू नका.

बंबाला हेच लागू आहे. आपल्याकडे अजून कित्येक घरांत तांब्याचा बंब रोज पेटतो. परसात, धुराडं वर काढून, सुक्या लाकडावर पेटवला तर हरकत नाही. मला खरा घोर आहे तो त्यात काय जळतं याचा. दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, वायरचे तुकडे, वापरलेले पॅडसुद्धा ‘जळून जातंय की’ म्हणून बंबात जातात. पीव्हीसीसारखं प्लॅस्टिक असं अर्धवट जळलं की डायॉक्सिन तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत साठून राहतात. तो धूर आधी बंबाशेजारी उभ्या असलेल्या आईच्या आणि लेकरांच्या नाकात जातो. बंबात लाकूड, शेणी, नारळाच्या करवंट्या, एवढंच घाला.

बादलीत सोडायचा विजेचा हीटर असेल तर नियम एकच आहे. पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, ‘बघू तापलंय का’ म्हणूनही नाही. घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारं बटण) बसवून घेतलं तर शॉकनं जीव जाण्याचा धोका खूपच कमी होतो.

अॅसिड, ब्लीच आणि फिनेल

गल्लीत सायकलवरून येणारं अॅसिड आणि बाजारातले निळे टॉयलेट क्लीनर, दोन्हींत काम करतं ते हायड्रोक्लोरिक अॅसिडच. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर, ही त्याच्या अगदी उलट जातीची वस्तू आहे. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला वायू तोच. ‘दोन्ही टाकलं की डबल स्वच्छ’ या समजुतीनं बंद संडासात कुणी फरशी घासायला बसतं आणि खोकत, डोळे चोळत बाहेर येतं. दमेकऱ्याला तर थेट दवाखाना गाठावा लागतो. व्हिनेगर आणि लिंबू फूल ही सौम्य असली तरी आम्लंच, त्यामुळे तीही ब्लीचमध्ये कधी मिसळू नका. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही नको.

अॅसिडचं दुसरं नुकसान हळूहळू होतं. जुन्या वाड्यांतल्या, चाळींतल्या मोऱ्यांना शहाबादी फरशी असते. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर अॅसिड पडलं की फेस येतो, म्हणजे दगडच विरघळतो. वरचा गुळगुळीत थर जाऊन फरशी खडबडीत होते. मग त्या खाचांत मळ आणि शेवाळ धरतं, ते काढायला पुन्हा अॅसिड येतं. सांध्यातलं सिमेंटही खाल्लं जातं आणि पाणी खालच्या मजल्यावर पाझरायला लागतं.

मग स्वच्छ कसं करायचं?

रोज शेवटची अंघोळ झाली की वायपरनं पाणी ओढून काढा आणि दार-खिडकी उघडी ठेवा. याला दोन मिनिटं लागतात आणि बुरशी, निसरडेपणा, वास हे सगळं याच सवयीनं आटोक्यात राहतं. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. भिंत सुकतच नाही अशा न्हाणीघरात झरोक्यात लहान एक्झॉस्ट पंखा बसवलेला बरा. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर तो आधी बसवा.

आठवड्यातून एकदा बादलीभर कोमट पाण्यात भांड्याचा साबण किंवा चमचाभर कपड्याची पावडर घाला आणि ताठ केसांच्या ब्रशनं फरशी घासा. मळ निघतो तो घासण्यानं. संडासाच्या भांड्यालाही हेच, फक्त ब्रश वेगळा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर किराणा दुकानात लिंबू फूल म्हणून मिळणारं सायट्रिक अॅसिड दोन चमचे अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा. ते नळावर, टाइलवर किंवा भांड्यात लावून अर्धा तास ठेवा, मग घासून धुवा. शहाबादी, कडप्पा, संगमरवरावर हेही वापरू नका. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला सगळीकडे फिरत असतो. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. वापरायचंच तर एका वेळी एक वापरा.

ब्लीच रोज नको. घरात जुलाब, उलट्या, कावीळ आली तर मात्र ते हवंच. आधी साबणानं घासून धुवा, कारण घाण असेल तिथे क्लोरीनचं बळ घाणीतच संपतं. मग साधारण पाच टक्क्यांचं द्रव ब्लीच एका लिटर पाण्यात २० मिली घालून भांडं, सीट, नळ आणि कडीवर लावा. दहा मिनिटांनी धुऊन टाका. हातमोजे घाला आणि दार उघडं ठेवा. द्रावण रोज ताजं करा, कालचं कामाचं नाही.

कोणतंही रसायन कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मूल चुकून अॅसिड प्यायलं तर त्याला उलटी करायला लावू नका, वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजतं. तोंड पुसा आणि बाटली सोबत घेऊन लगेच सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

जाळीवर ठेवलेल्या डांबर गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. नॅफ्थलीनची वाफ श्वासात जातेच. काही बाळांमध्ये जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते आणि त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेनं फुटू शकतात. घरात तान्हं बाळ असेल तर गोळ्या काढून टाका, बाळाच्या कपड्यांतूनही. वास येत असेल तर जाळीखालच्या ट्रॅपमध्ये (वास अडवणाऱ्या कप्प्यात) पाणी उभं राहतं का ते बघा. बहुतेक वेळा तो ट्रॅप सुकलेला किंवा केसांनी भरलेला असतो.

हात

संडासहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाला, जेवायला बसण्याआधी साबणानं २० सेकंद हात धुवायचे. बोटांच्या फटी, नखं आणि अंगठा विसरायचा नाही. नुसत्या पाण्यानं हिपॅटायटिस ई किंवा जुलाबाचे जंतू पुरते जात नाहीत. लहान बाळाची शी ‘निर्मळ’ असते असं घराघरांत मानतात, पण तिच्यातही मोठ्यांच्या शीइतकेच रोगजंतू असू शकतात.

जंतुनाशक साबणासाठी जास्त पैसे देऊ नका. घरात साध्या साबणापेक्षा तो जास्त काम करतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६ साली ट्रायक्लोसनसह १९ द्रव्यं अशा साबणांतून काढायला लावली. ट्रायक्लोसन सांडपाण्याबरोबर नदीत गेलं की शेवाळ आणि जलचरांना बाधतं. वडी साधी चालेल, फक्त ती जाळीच्या साबणदाणीत कोरडी राहू द्या.

अंघोळ, टॉवेल आणि तालीम

बादलीची अंघोळ १५ ते २० लिटरमध्ये होते. शॉवरमधून मिनिटाला साधारण १० लिटर पाणी जातं, म्हणजे दहा मिनिटांत शंभर लिटर. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं २०२३ पासून शहरात येणारं पाणी ५० किलोमीटरहून लांबचा प्रवास करतं, आणि जितकं वापराल तितकंच सांडपाणी पुन्हा उपसून शुद्ध करावं लागतं. शॉवर आवडत असेल तर साबण लावताना तो बंद ठेवा.

फार कढत पाणी त्वचेवरचं तेल काढून टाकतं. हिवाळ्यात पाय उलतात, अंग खाजतं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. कोमट पाणी घ्या. साबण काखा, जांघा आणि पायांना रोज लावा, बाकी अंगाला घामाप्रमाणे. अंग घासायला घोसाळ्याची शीर उत्तम. ती वनस्पतीचीच असल्यानं शेवटी खतात जाते, नायलॉनच्या जाळीसारखे प्लॅस्टिकचे तुकडे पाण्यात सोडत नाही. मात्र ती ओली पडून राहिली की जंतू वाढतात, म्हणून उन्हात वाळवा आणि महिन्याभरात बदला.

बायकांसाठी एक महत्त्वाचं. संडासनंतर धुताना हात पुढून मागे न्यायचा, उलट नाही, म्हणजे लघवीच्या जागी जंतू जात नाहीत. योनीच्या आत साबण किंवा सुगंधी वॉश घालू नका. तिथला नैसर्गिक आम्लपणाच जंतूंना रोखतो आणि साबण तो बिघडवतो.

गजकर्ण हा आपल्या भागातला, विशेषतः तालमींमधला, जुना त्रास. घाम, माती, अंगाला अंग आणि एकच टॉवेल यांतून तो पोरापोरांत फिरतो. प्रत्येकाचा टॉवेल आणि लंगोट वेगळा, रोज धुतलेला, उन्हात खडखडीत वाळलेला हवा. सरावानंतर लगेच अंघोळ, आणि जांघा, बोटांच्या फटी पुसून कोरड्या. चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत कुस्ती बंद. औषधाच्या दुकानातून ‘खाज थांबवणारी ट्यूब’ परस्पर आणू नका. त्यांतल्या कित्येकींत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि मग महिनोन् महिने औषध घ्यावं लागतं. वस्तादांनी हे एकदा आखाड्यात सांगितलं तर पोरं ऐकतील.

तोंड

गावाकडे अनेक बायका सकाळी मिश्री लावतात. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे वाक्य मी आजीच्या वयाच्या बायकांकडून आणि तिशीतल्या सुनांकडूनही ऐकलेलं आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. त्यातल्या निकोटीननं आतड्याला चालना मिळते, म्हणून तसं वाटतं. पण हिरड्या मागे सरतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदरपणात लावली तर बाळ कमी वजनाचं होतं. सवय सोडायला सकाळी कोमट पाणी, ताकद लावून चालणं आणि जेवणात भाजी-भाकरी वाढवणं यानं पोटाचा प्रश्न सुटतो. तल्लफेसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. घरच्यांनी टोमणे मारू नयेत, सोबत करावी.

बाकी दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, नळ बंद ठेवून. थुंकून टाका आणि नंतर खळाळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदला आणि संडासाच्या भांड्याजवळ ठेवू नका. फ्लशचे बारीक थेंब हवेत उडतात, झाकण लावूनही सगळे अडत नाहीत.

संडासात काय टाकायचं नाही

शी, शू आणि पाणी. याखेरीज काहीही नाही.

सॅनिटरी पॅडचा बराचसा भाग प्लॅस्टिकचा असतो आणि आतली जेल पाणी शोषून फुगते. चेंबर तुंबण्याचं ते मोठं कारण आहे, आणि तो चेंबर मोकळा करायला हात घालणारा कुणीतरी माणूसच असतो. पॅड कागदात घट्ट गुंडाळा, वर लाल खूण करा आणि ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळा टिपरमध्ये (कचऱ्याच्या गाडीत) द्या. कापड वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. इतर कपड्यांखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात लपवून वाळवलेलं कापड ओलसर राहतं आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. ते दोरीवर उघड वाळत घालण्यात लाज कसली? घरातल्या पुरुषांनीही हे डोळे न वटारता स्वीकारायला हवं. सिलिकॉनचा कप जमत असेल तर तो वर्षानुवर्षं चालतो. दर पाळीआधी आणि नंतर तो उकळायचा.

बाळाचे ओले वाइप्स कागदासारखे दिसतात, पण बहुतेकांत पॉलिस्टरचे धागे असतात. ते विरघळत नाहीत. सुती कापडाचे तुकडे आणि कोमट पाणी बाळाच्या कातडीलाही बरं.

उरलेल्या गोळ्या फ्लश करू नका. अँटिबायोटिक नदीत गेलं की तिथले जंतू त्याला सरावतात आणि उद्या तेच औषध लागू पडत नाही. मुदत संपलेली औषधं परत घेतात का ते औषध दुकानात विचारा. काही तीव्र गुंगीच्या वेदनाशामकांचे नियम वेगळे असतात, तीही माहिती तिथेच घ्या.

कपड्याची पावडर मापून घाला. मैल्यातलं आणि पावडरीतलं फॉस्फरस म्हणजे केंदाळाचं खत. रुई, तेरवाडच्या बंधाऱ्यांवर नदी हिरवीगार झाकलेली दिसते ती यावरच पोसते.

गळका फ्लश, टाकी आणि डास

जुन्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा लिटरहून जास्त पाणी जातं. टाकीत पाण्यानं भरलेली लिटरची बाटली उभी ठेवली की दर वेळी तेवढं वाचतं. गळती तपासायला टाकीत खायचा रंग टाका. वीस मिनिटांत भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलं आहे.

उपनगरांत आणि करवीर, पन्हाळ्याच्या गावांत ड्रेनेज नसेल तिथे सेफ्टी टँक किंवा शोषखड्डा असतो. त्यात मैला कुजवणारे जंतूच सगळं काम करतात, आणि रोजचं अॅसिड, फिनेल त्यांनाच मारतं. टाकी दोन-तीन वर्षांनी मशीनच्या गाडीनं उपसून घ्या. २०१३ च्या कायद्यानुसार माणसाला आत उतरवणं गुन्हा आहे. असा माणूस दगावला तर कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावे लागतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ठरवून दिलं. कुणी ‘मी उतरतो, थोडे पैसे द्या’ म्हणाला तरी त्याला उतरू देऊ नका. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक भरल्यावर तो बंद करून दुसरा सुरू करा. पहिल्यातला मैला दीड-दोन वर्षांत कुजून माती होतो.

टाकीच्या गॅस पाइपच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीची जाळी बांधा, कारण क्युलेक्स डास तिथूनच बाहेर येतात. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ पाण्यात, मोरीतल्या बॅरलमध्ये आणि हौदात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी भांडी रिकामी करा आणि आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

पुराचं पाणी चढतं तेव्हा

२००५, २०१९, २०२१. नदीकाठच्या पेठांना आणि शिरोळच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. पाणी वाढू लागलं की संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवा, म्हणजे मैला उलटा घरात येत नाही. रसायनांच्या बाटल्या माळ्यावर ठेवा.

पाणी ओसरल्यावर गमबूट आणि हातमोज्यांशिवाय आत पाऊल टाकू नका. पायाला जखम असेल तर दुसऱ्याला पाठवा, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे शिरतो. आधी गाळ उपसा, मग साबणानं धुवा, मग ब्लीच. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर पुराच्या पाण्यात चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

सेफ्टी टँक उपसायची मात्र घाई नको. भोवतालची जमीन पाण्यानं भरलेली असताना टाकी रिकामी केली तर बाहेरच्या दाबानं ती वर उचलली जाते किंवा तिच्या भिंती फुटतात. विहिरीचं पाणी नेहमीच्या पातळीला येईपर्यंत थांबा आणि तोवर पूर न चढलेल्या घरातला संडास वापरा.